वजन कमरेवर

घरी मी बाबांना अरे-तुरे करायचो. आमच्या पाड्यावर सगळेच करतात, त्यात अनादर नसतो. लिहिताना मात्र मी 'ते' लिहितो, कारण आश्रमशाळेत बाईंनी तसं शिकवलं आणि पुढे कॉलेजात तेच अंगवळणी पडलं. तेव्हा या लिखाणात बाबांशी बोलताना मी 'तू' म्हणेन आणि त्यांच्याविषयी सांगताना 'ते'. वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. फुप्फुसात गाठ होती. त्या आजारात इतरांहून वेगळं सांगण्यासारखं काही घडलं नाही. मला सांगायचं आहे ते एका बॅगेचं, कारण त्या दिवसांतलं मला नीट आठवतं ते तिचंच. तिचे पट्टे, तिची लॉकं, कुठला पट्टा आधी ओढायचा आणि कुठला नंतर. बाकीचं आठवायला बसलो की मधेमधे काहीच सापडत नाही.

राहनाळला एका गोदामात मी तपासणीचं काम करतो, तिथेच खोली घेऊन राहतो. बी.कॉम. आहे. आमच्या पाड्यावरून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यात माझी हुशारी थोडी आणि आश्रमशाळेतल्या बाईंची चिकाटी जास्त. आमच्या गोदामात तंबू, झोपायच्या पिशव्या, डोंगर चढायचे बूट असं सामान येतं. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल माझ्या टेबलावर येतो. मी तो उघडतो, बघतो आणि तीन ढीग करतो. चांगला, दुरुस्तीचा आणि टाकाऊ. दुरुस्तीचा ढीग मास्टरांकडे जातो.

मास्टर म्हणजे शिलाई मास्टर. उत्तर प्रदेशातले, पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात लूम चालवायचे. त्या आवाजाने कान गेले, म्हणून शिलाईकडे वळले. समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आपण खोटं बोलू शकत नाही असं मला नेहमी वाटतं.

वरच्या रॅकवर एक लॉट बरेच दिवस पडून होता. परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेल्या पाठीवरच्या बॅगा. खोक्यावर फांद्यांसारखी शिंगं असलेल्या हरणाचं चित्र. या बॅगेला पाठीमागे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची उघडी चौकट असते. पिशवी त्या चौकटीला अडकवलेली. पिशवी काढून ठेवली तरी नुसती चौकट पाठीवर घेता येते, आणि तिच्या तळाशी एक दुमडणारी फळी असते. शिकारी त्या फळीवर मांस ठेवतो, दोरीने आवळतो आणि जंगलातून बाहेर येतो. आपल्याकडे शिकारीला बंदी, मग हा माल कोण घेणार? कुणाच्या तरी चुकीने तो आला असावा. आमच्यात त्याचं नाव 'शिकारी' पडलं होतं. मोजणीच्या दिवशी कुणी ओरडायचं, शिकारी आठ पीस, आणि बाकीचे हसायचे.

बाबांना शेक द्यायचं ठरलं तेव्हा त्या बॅगा माझ्या डोक्यातही नव्हत्या.

मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ निघणार नाही, पण पाच शेक देऊ, दर मंगळवारी एक, म्हणजे श्वासाला थोडा आराम पडेल. मी घरी येऊन आईला तेच सांगितलं. आई म्हणाली, शेकासाठी मुंबईला कशाला, अकलोलीचं कुंड काय सुकलं? आमच्याकडे शेक म्हणजे गरम पाण्याचा. कंबर धरली, गुडघा धरला की लोक अकलोलीच्या कुंडात जाऊन बसतात. मी तिला समजावलं की हा शेक मशीनचा असतो, किरणांचा, तो दिसत नाही. दिसत नाही तर दिला कशावरून, असं तिने विचारलं. बाबा ओट्यावर मेढीला, लाकडी खांबाला, टेकून बसले होते. ते म्हणाले, "जाऊ दे, पोरगा शिकलाय, त्याला दिसत आसंल."

आमच्या पाड्यापासून डांबरी रस्ता पाऊण तासावर. पायवाट आहे, मधे एक नाला, आणि नाल्याच्या अलीकडे घसरणीचा उतार. पहिल्या तपासणीला बाबा चालतच खाली आले होते, दर थोड्या वेळाने बसत. शेकाची तारीख आली तोवर त्यांना अंगणातून ओट्यावर यायलाही दम लागत होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून झोपायचेही बसूनच.

आजारी माणसाला खाली नेण्याची आमची रीत ठरलेली आहे. लांब बांबू घ्यायचा, त्याला गोधडीची झोळी बांधायची, माणसाला झोळीत निजवायचं आणि दोघांनी पुढे, दोघांनी मागे बांबू खांद्यावर घ्यायचा. पहिल्या मंगळवारी सकाळी शेजारचे चौघे बांबू घेऊन आले. बाबांनी अंगणात बांबू टेकवलेला बघितला आणि दोन्ही हातांनी मेढ धरली.

"खांदा मेल्यावर द्या," ते म्हणाले. "जित्याला खांदा देतेत काय?"

चौघे हसले, त्यांना वाटलं थट्टा चाललीय. एकाने म्हटलं, काका, झोळी हाय, तिरडी न्हाय. बाबा म्हणाले, बांबू तोच, माणसं तीच, गोधडी पन तीच, मंग फरक सांग. बाबांनी गेल्या दोन वर्षांत झोळीतून खाली गेलेल्या तिघांची आठवण करून दिली. तिघेही वर आले ते त्याच बांबूवर, तोंड झाकून. ते मोठ्याने बोलले नाहीत, मोठ्याने बोलायला श्वासच नव्हता. पण मेढ सोडली नाही. मी समजावलं, आईने समजावलं. खाली रस्त्यावर जीप भाड्याने येऊन उभी होती, ती निघून गेली. चौघे चहा पिऊन आपापल्या कामाला गेले.

मी हॉस्पिटलात फोन केला. तिकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की पुढच्या मंगळवारी नक्की आणा, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला कामावर गेलो.

डबा खाताना मास्टरांनी विचारलं, अब्बा को ले गया था? मी नाही म्हटलं आणि सगळं सांगितलं. झोळीचं, बांबूचं, मेढीचं. माझ्या ओठांकडे बघत ते चावायचे थांबले. आडवा नको आणि बांबू नको, एवढंच ना, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. उठून त्यांनी हात धुतले आणि वरच्या रॅककडे बोट केलं.

"शिकारी उतार."

आठ पीस होते, पण प्रकार तीन. एक मोठा, जाड नळीचा, पूर्ण जोडलेला. एक त्याहून लहान, ज्याचे पट्टे पाठीप्रमाणे वरखाली करता येत. तिसऱ्याला फळीच नव्हती, नुसते दोन आकडे, तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. मी मोठा उचलला. माणूस न्यायचा आहे तर मजबूत हवा, आणि माझी उंचीही बरी, पाच फूट आठ इंच.

मास्टर म्हणाले, "हाथी का हौदा उठाएगा तू? कद से नहीं होता बेटा, पीठ नाप."

बॅगेसोबतचा कागद इंग्रजीत होता. मास्टरांना तो वाचता येत नव्हता आणि मला वाचून हाताला काही कळत नव्हतं. मग मी वाचत गेलो आणि ते माझ्या अंगावर करत गेले. कागदातही तेच होतं जे ते म्हणाले होते. उंची धरायची नाही, पाठ धरायची. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथून मोजायला सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, अंगठे मागे. कमरेच्या हाडाची जी वरची कड हाताला लागते, तिच्या रेषेत दोन अंगठ्यांच्या मधोमध शेवट. मास्टरांनी गळ्यातला टेप काढून माझ्या मणक्यावरून सोडला.

"सत्रह. टाँगें लंबी हैं तेरी, पीठ बच्चे की है."

मोठा साइज एकोणीसपासून सुरू होत होता. तेव्हा मला कळलं की तयार शर्ट मला नेहमी लांब का होतात. मधला पीस घेतला.

आता बांधायचं. आधी सगळे पट्टे सैल करायचे. मग कमरेचा पट्टा, तो पोटावर घ्यायचा नाही, बरोबर हाडाच्या कडेवर बसवायचा. खांदे कानापर्यंत वर उचलायचे, लॉक लावायचं, आवळायचं, मग खांदे सोडायचे. त्यानंतर खांद्याचे पट्टे. मग मानेजवळचे दोन बारीक पट्टे, जे ओझं पाठीला चिकटवून ठेवतात. सगळ्यात शेवटी छातीचा. मी शाळेच्या दप्तराच्या सवयीने आधी खांद्याचे पट्टे ओढले, मास्टरांनी हातावर चापट मारली.

"पहले कमर. कंधा सिर्फ पकड़ेगा, उठाएगा नहीं."

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून ते मोठ्याने म्हणाले. आणि त्यांनी माझ्या खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून दाखवली. वजन कमरेवर असेल तर बोटं सहज आत जातात. गेली नाहीत तर समजायचं, खांदा उचलतोय.

चाचणीसाठी आम्ही तंबूच्या खुंट्यांचं एक खोकं फळीवर बांधलं. मी ते घेऊन माल उतरवायच्या उतारावर चढलो, उतरलो. चालायला जमलं. मग मास्टर म्हणाले, खुंटी हलत नाही, माणूस हलतो. आणि स्वतःच फळीवर बसले, माझ्या पाठीला पाठ लावून. मी उभा राहिलो तेव्हा बाकीच्यांनी काम थांबवलं.

"धीरे. मेरी बीवी को कोई मत बताना, कहेगी इसी पे लाद के गाँव भेज दो."

सगळे हसले. मीही हसलो असेन. मला तेव्हाची, पट्ट्याखालची माझी दोन बोटं आठवतात, ती आत जात होती. आधीचा आठवडाभर डोक्यात जे चाललं होतं ते त्या दुपारी नव्हतं. बाबांचा विचारही नव्हता. सतरा इंच होते, लॉक होतं, फळीची उंची होती. फळी वीतभरच रुंद, त्यावर बाबांची हाडं टोचणार म्हणून मास्टरांनी एका फाटक्या झोपायच्या पिशवीतला फोम काढून गादी शिवली. छातीवरून फुलीसारखे जाणारे दोन पट्टे लावले, बसणाऱ्याला धरून ठेवायला. पाय लोंबू नयेत म्हणून पट्टीचे दोन फास, घोड्याच्या रिकिबीसारखे. मॅनेजर साहेब फेरीला आले, त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी माझ्या टाकाऊ ढिगातला त्याच साइजचा एक पीस दाखवला, ज्याची पिशवी फाटलेली होती. पिशवी मला लागणारच नव्हती, मास्टरांनी गादी आणि पट्टे त्यावर चढवले. घेऊन जा म्हणाले, आणि मंगळवारची रजा कायम समज म्हणाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सोमवारी शिफ्ट संपवून मी बॅग पाठीवर घेऊन घरी गेलो. आईने आधी चौकटीला लटकणाऱ्या चिठ्ठीवरचं हरीण बघितलं. बाबांना मी सांगितलं की हे परदेशातल्या शिकाऱ्यांचं आहे. ते हसले आणि त्यांना ढास लागली. ती ओसरल्यावर म्हणाले, पाठीवर शिकार घेतेत? मंग रगत पाठीभर सांडत आसंल. तरुणपणी, पाड्यावर अजून शिकार चालायची तेव्हा, तेही जायचे. डुक्कर पडलं की पाय बांधून बांबूला उलटं टांगायचं आणि दोघांनी खांद्यावर आणायचं, एवढंच त्यांना माहीत.

"आनि यात मी बसायचा?"

"हां."

"कोनाच्या खांद्यावर?"

"माझ्या. पन खांद्यावर न्हाय, बाबा. वजन कमरेवर येतं."

"खोटं बोलतो तू. पट्टं तर खांद्यावर हायेत."

मी त्यांना कमरेचा पट्टा दाखवला. मास्टर म्हणाले होते ते सांगितलं, खांदा फक्त धरतो, उचलत नाही. आणि दोन बोटांची खूण सांगितली. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. आयुष्यभर त्यांनी मोळ्या वाहिल्या, विटा वाहिल्या, खडी वाहिली, ओझ्याच्या गोष्टीत त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. म्हणाले, सकाळी बघू.

सकाळी चौकट ओट्याच्या कडेला टेकवली. आईने आणि मी बाबांना फळीवर बसवलं, छातीचे पट्टे लावले, पाय फासात घातले. मी ओट्याखाली पाठ करून वाकलो आणि पट्टे अडकवले. घाई झाली. खाली जीप येऊन थांबणार होती, आणि हाताला जुनी सवय. मी आधी खांद्याचे पट्टे ओढले, कमरेचा नंतर लावला. उभा राहिलो. एक पाऊल टाकलं असेल, तेवढ्यात बाबांचा हात त्यांच्या खांद्यावरून मागे, माझ्या खांद्यावर आला. ते बोटं पट्ट्याखाली घालायला बघत होते. बोटं जाईनात.

"खांदा हाय हा," ते म्हणाले. "उतरव."

ओट्यावर टेकवलं, सगळे पट्टे सैल केले. खांदे कानापर्यंत उचलले, कमरेचा पट्टा हाडावर बसवून आवळला, खांदे सोडले. मग बाकीचे. पुन्हा उभा राहिलो. पुन्हा त्यांचा हात आला. दोन बोटं आत गेली. त्यांनी ती इकडून तिकडे फिरवून बघितली, शिंपी कापड बघतो तशी.

"बरं. चल."

पहिला शेक झाला. दोन मिनिटांचं काम होतं, आणि त्यासाठी आमचा सबंध दिवस गेला. परत वर चढलो तेव्हा ऊन कलत होतं. रस्त्यावर जीपवाल्याने मला पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, लहानपनी बापानं तुला उचलला, आता तू बापाला. लोकांना असं म्हणायला आवडतं. मला मात्र बाबांनी उचलल्याची एकही आठवण नाही. मी लहान होतो तेव्हा ते वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर असायचे. थोडा मोठा झालो तर मी आश्रमशाळेत होतो. मी त्याला तसं सांगितलं नाही. तो भल्यासाठीच बोलत होता.

दुसऱ्या शेकाच्या दिवशी बाबांनी फळी वर घ्यायला लावली. म्हणाले, ओझं खाली लोंबलं की मागं ओढतं, वर बांध, मानंजवळ. कागदात मला हे इंग्रजीत सापडलं होतं, मांसाचा जड भाग वर आणि पाठीला लागून ठेवावा म्हणून. पण ते माणसाला लागू करायचं मला सुचलं नव्हतं. फळी चार बोटं वर घेतल्यावर उतारावरची माझी भीती बरीच कमी झाली.

हॉस्पिटलात दर वेळी त्यांना खुर्चीच्या काट्यावर बसवून वजन घ्यायचे. पहिल्यांदा त्रेचाळीस किलो, दुसऱ्यांदा एकेचाळीस, तिसऱ्यांदा एकोणचाळीस. त्यांच्या छातीचे पट्टे मी दर आठवड्याला थोडे आत ओढायचो. उरलेली पट्टी लोंबू लागली तेव्हा मास्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुमडून रबर लावलं. चालायला सोपं होत चाललं होतं. तेवढंच मी बघायचो, की आज नाल्यापर्यंत न थांबता आलो.

पाठीला पाठ असल्यामुळे वाटेत आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नसे. मला पुढचं दिसायचं, त्यांना मागे पडलेलं. जांभूळ गेली, असं ते म्हणायचे, नाला गेला, आता भगताची खळी गेली. मी त्यांच्याशी आयुष्यात जेवढा बोललो असेन त्याहून जास्त त्या वाटेवर बोललो. घरात बसून आम्हाला ते कधी जमलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तू गोदामात करतो काय नेमकं? मी तीन ढिगांचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की ही बॅग कुठल्या ढिगातली. मी म्हटलं, तिसऱ्या, टाकाऊ.

पाठीमागून आवाज आला. "मंग माल बरोबर भरलाय."

ते हसत होते. हसणं माझ्या पाठीला कळत होतं, नळ्यांमधून.

दर मंगळवारी ओट्यावरून उठलो की त्यांचा हात यायचा. दोन बोटं आत जायची, फिरायची, मग ते चल म्हणायचे. शेवटी शेवटी मी तो हात यायची वाट बघत उभा राहायचो. पाड्यावरच्यांनी सुरुवातीला खूप थट्टा केली. पोरानं बापाला हरीण केला, असं एकजण म्हणाला. बाबांनी त्याला ओट्यावरून सांगितलं, हरीण झालो तरी तुझ्या बांबूला उलटा लटकत न्हाय. मग थट्टा थांबली, आणि ते चौघे उतारावर माझ्या पुढे चालून वाट मोकळी करून द्यायला लागले.

चौथ्या शेकाला गेलो तेव्हा वजन छत्तीस भरलं. शेक न देता तिथल्या लोकांनी आधी छातीचा फोटो काढला आणि मला आत बोलावलं. बाबा बाहेर चाकाच्या खुर्चीत होते. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी फोटो उजेडात धरून मला मराठीत समजावलं, घाई न करता. गाठ दुसऱ्या बाजूलाही पसरली होती. आता शेकाने उपयोग होण्यापेक्षा त्रास होईल. पुढे आणू नका, एवढ्या लांबून तर नकोच, घरी आराम पडू द्या. दुखण्यासाठी आणि दम लागण्यासाठी औषधं लिहून दिली, ती कशी द्यायची ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मला वाचता येतं हे त्यांना माहीत होतं, तरी आईसाठी सूर्य आणि चंद्र काढून दिले. मी आभार मानले. बाहेर पडताना दारातून वळून पुन्हा मानले. त्यांनी एवढा वेळ दिला हे मला खरोखर मोठं वाटलं. त्याशिवाय त्या खोलीत मला काय वाटलं ते सांगता येत नाही, कारण मी त्या कागदाची घडी नीट चार भागांत घालत होतो.

जीपमध्ये बाबा खिडकीला डोकं टेकून होते. रस्त्यावर उतरल्यावर नेहमीसारखं सीटच्या कडेवरून त्यांना पाठीवर घेतलं. कमर, खांदा, मानेजवळचे पट्टे, छाती. बोटं आत गेली. मी चढायला लागलो. चढताना त्यांचं तोंड उताराकडे असायचं, खाली पडत जाणाऱ्या रस्त्याकडे.

पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं, "पुढची तारीख कधीची?"

"दिली न्हाय."

जांभूळ आली, मला समोरून दिसली, ती मागे पडली तरी ते काही म्हणाले नाहीत. मी औषधांचं सांगायला लागलो, गोळी कधी, बाटलीतलं कधी. त्यांनी हं म्हटलं.

नाला ओलांडून उतारावर आलो. आता तो चढ होता. माझा शर्ट घामाने भिजला होता आणि कमरेचा पट्टा हाडावरून खाली सरकत होता. मला ते कळत होतं. थांबून, एखाद्या दगडावर टेकवून, पुन्हा आवळायला हवं होतं. पण थांबलो तर त्यांच्यासमोर जावं लागणार होतं, म्हणून मी चालत राहिलो. हळूहळू सगळं वजन खांद्यावर आलं. तेव्हा त्यांचा हात आला. चालताना तो कधीच येत नसे, फक्त निघताना यायचा. बोटांनी पट्ट्याखाली जायचा प्रयत्न केला. जागा नव्हती.

मी थांबलो. "टेकवतो. पट्टा ढिला झालाय, ओढून घेतो."

"नको. चाल."

मी दोन-तीन पावलं टाकली. त्यांचा हात पट्ट्यावर तसाच होता.

"येऊ दे आता खांद्यावर," ते म्हणाले.

मी पाय टाकत गेलो. उरलेली वाट वीस मिनिटांची असेल. पट्टे खांद्यात रुतले होते आणि त्यांचा हात त्यांच्यावर होता.

आई अंगणातच उभी होती. मी ओट्याकडे पाठ करून वाकलो, चौकट टेकली. सोडताना उलटं जायचं असतं, आधी छाती, मग खांदे, कमर शेवटी. मी तेच करत होतो. आईने त्यांना विचारलं, आता कधी जायचंय?

"आता न्हाय जायचं," बाबा म्हणाले. "सुट्टी दिली."

हॉस्पिटलातून सुट्टी देतात ती बऱ्या झालेल्या माणसाला. आईने माझ्याकडे बघितलं. मी लॉक सोडवत होतो.

"बरा झाला म्हनाले?" तिने विचारलं.

"एवढा दूर आनू नका म्हनाले," बाबा म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. आई आत गेली. चुलीवर चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग तिने कुडाच्या भिंतीवरून शेजारणीला हाक मारून सांगितलं की सुट्टी मिळाली. बाबा मेढीला टेकून बसले. मी त्यांच्या पायाला लागलेली माती पुसली, औषधाचा कागद कुडात खोचला आणि सूर्य-चंद्राचं आईला समजावलं. तिने दोनदा म्हणून दाखवलं, बरोबर होतं.

बाबा म्हणाले, चहा घेऊन नीघ, ड्युटी हाय ना सकाळी. मी होय म्हटलं. चहा घेतला. चौकट ओट्यावरच ठेवली आणि उजेड होता तोवर खाली उतरलो. रस्त्यावर बऱ्याच वेळाने एक जीप आली. तिच्यासाठी हात वर केला तेव्हा लक्षात आलं की खांदे दुखत आहेत, आणि कमर अजिबात दुखत नाही.